सर्व रहिवासी सुखरूप खाली उतरले आहेत

हा मेसेज मी अकराव्या मजल्यावर, आमच्या हॉलमध्ये, व्हीलचेअरवर बसून वाचला. दुपारचे तीन वाजून सात मिनिटं झाली होती. मेसेजच्या शेवटी जोडलेले हात तीन.

गेल्या वर्षीचा मे महिना. तिसऱ्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिक डक्टमध्ये, म्हणजे वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत, काहीतरी शॉर्ट झालं. आग म्हणावी तर परातीएवढी, पण धूर थेट चौदाव्यापर्यंत चढला. वीज गेली, दोन्ही लिफ्ट जागच्या जागी थांबल्या. आधी आरडाओरडा ऐकू आला, मग जिन्यातून धावणाऱ्या चपलांचा फटफटाट, आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही मला अजून आठवतं. बायको ड्यूटीवर होती, ती महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर आहे. मुलगी पुण्याला. मी टॉवेल ओला केला, दारापाशी टाकला आणि कुबडीच्या टोकाने फटीत ढकलत बसलो. एक कोपरा काही केल्या आत जाईना.

ग्रुपवर लिहिलं, ‘मी वरच आहे. ११०३.’ पहिलं उत्तर पाचवीवरच्या वहिनींचं आलं: ‘काळजी घ्या दादा.’

साडेतीनच्या सुमारास अग्निशमन दलाचा एक जवान वर आला. तोंडावरचा मास्क काढून त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या, एक तांब्या पाणी प्यायला आणि विचारलं, “काका, तुम्ही इथे आहात हे खाली कुणी सांगितलं कसं नाही?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नंतरच्या मीटिंगमध्ये ते सेक्रेटरींनी दिलं. “अहो, आम्हाला वाटलं तुम्ही बँकेत असाल.” मला रिटायर होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मी रागावलो नाही असं म्हटलं तर खोटं होईल. दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “रुसून बसलास तर पुढच्या वेळी पण वरच बसशील.” वॉर्डातल्या पेशंटशी ती ज्या आवाजात बोलते त्या आवाजात म्हणाली, म्हणजे विषय संपला.

मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबड्यांवर पंचावन्न वर्षं काढली, बँकेच्या क्लिअरिंगमध्ये नोकरी केली, आणि गेली सहा वर्षं व्हीलचेअरवर आहे, कारण पायांनी नाही तर खांद्यांनी मान टाकली. लालबागमध्ये जिथे आमची चाळ होती तिथेच आता हा अठरा मजली टॉवर उभा आहे. चाळीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. लोक म्हणतात, चाळीत असतात तर चार पोरांनी उचलून नेलं असतं. नेलं असतं, कबूल. पण चाळीचा जिना लाकडी होता, एकच होता, आणि त्याच्या खालच्या पोकळीत रॉकेलचे डबे असायचे. तेव्हा ते राहू दे.

कोणाला वेळ लागेल?

पहिलं काम म्हणजे यादी. आणीबाणीत मदत लागेल अशा माणसांनी आपली नावं द्यावीत, असा मेसेज ग्रुपवर टाकला. अडुसष्ट फ्लॅट. आठवड्यात नावं आली शून्य. एकाने ‘छान उपक्रम’ लिहिलं.

मग लक्षात आलं की मी स्वतः तरी असं नाव दिलं असतं का? बँकेत असताना लिफ्ट बंद पडली की मी दोन मजले कुबड्यांवर चढायचो आणि वर जाऊन ‘व्यायाम झाला’ म्हणायचो. मदत हा शब्दच अडतो. म्हणून प्रश्न बदलला. रविवारी सकाळी बायकोने माझी खुर्ची ढकलली आणि आम्ही वरून खाली दारोदार गेलो. विचारायचं एवढंच: “जिन्याने खाली जायची वेळ आली, तर तुमच्या घरात कोणाला वेळ लागेल?” वेळ लागणं सगळ्यांना चालतं.

सतरा नावं झाली.

सोळावीवरच्या आजींची हाडं इतकी ठिसूळ, की मागच्या वर्षी नुसत्या शिंकेने बरगडी तडकली. चौदावीवर एक काका घरी ऑक्सिजन लावून असतात, मशीन विजेवर चालतं, जोडीला एक सिलिंडर. सातवीवरची सून सहा महिन्यांची गरोदर. दहावीवरच्या पोराचा पाय प्लास्टरमध्ये, तो यादीत दीड महिन्यापुरता आला आणि गेला. बारावीवर एका घरात सात वर्षं अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सात वर्षं! त्यांना सांभाळणाऱ्या मावशी सकाळी आठला येतात, रात्री आठला जातात, लिफ्टपाशी रोज भेटतात. आम्ही त्यांना कधी विचारलं नाही की तुम्ही कोणाकडे येता.

दोन घरांनी सांगितलं ‘आमच्याकडे तसं कोणी नाही’, आणि आतून वॉकरचा टकटक आवाज आला. ती नावं बायकोने दुसऱ्या फेरीत, मला न नेता, काढून आणली. मला पाहून लोकांना वाटत असावं की यादीत नाव गेलं की खुर्चीही येते.

सहावीवरच्या मुलीला ऐकू येत नाही. ती दिवसा मशीन लावते, झोपताना काढते. आग लागली तर सायरन तिच्यासाठी नाहीच. तिच्या घरची बेल दाबली की बेडरूममधला दिवा लुकलुकतो, म्हणून आम्ही खुशाल लिहून टाकलं, ‘दार ठोकू नये, बेल दाबत राहावी.’ तिनेच कागद वाचून मोबाइलवर टाइप करून दाखवलं: ‘लाइट गेल्यावर?’ तेव्हा आता तिच्या घराची एक चावी शेजारी असते, आणि आत जाऊन पलंग हलवायचा असं ठरलं आहे. खांदा धरून नाही, पलंग. अंधारात कुणी खांदा धरला तर मी आधी मारेन, असंही तिने टाइप केलं.

पाचवीवरच्या वहिनींचा मुलगा स्वमग्न आहे. होय, त्याच ‘काळजी घ्या दादा’ वाल्या वहिनी. मेमध्ये त्या खाली उतरल्या कशा ते त्यांनी आम्हाला सांगितलं. सायरन वाजल्याबरोबर मुलगा बाथरूममध्ये गेला आणि कडी लावून बसला. वहिनी दाराबाहेर बसून पाढे म्हणत राहिल्या. त्याला पाढे आवडतात. एकोणीसच्या पाढ्याला त्याने कडी काढली. त्यानंतर खाली जाऊन, मुलाला मांडीवर घट्ट धरून, एका हाताने त्यांनी मला तो मेसेज केला होता. मी ते ऐकून गप्प झालो.

आणि नववीवरचे मास्तर. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, हार्मोनियम शिकवतात. त्यांचं नाव आम्ही न विचारताच यादीत घातलं होतं. त्यांनी ते काढायला लावलं. म्हणाले, “वीज गेली, धूर झाला, तुम्हाला दिसेनासं झालं, म्हणजे तुम्ही माझ्या गल्लीत आलात. एका मजल्याला अठरा पायऱ्या, नऊ आणि नऊ. सहाव्या मजल्याच्या वळणावर एक लादी हलते. मला मदत करणाऱ्यांत घाला.” घातलं.

फायर स्टेशनातले साहेब

जवळच्या अग्निशमन केंद्रावर गेलो. दाराशी दोन पायऱ्या होत्या, साहेबच बाहेर येऊन बसले. एप्रिलच्या १४ ते २० तारखांना अग्निशमन सप्ताहात सोसायट्यांना प्रात्यक्षिक दाखवायला त्यांना बोलावणी येतात, तेवढ्यापुरती. १९४४ साली १४ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला, त्यात दलाचे कितीतरी जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ तो सप्ताह. “उरलेली एकावन्न आठवडे कुणी विचारत नाही,” असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

मी गृहीत धरून गेलो होतो की ते मला अकराव्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत कसं न्यायचं ते सांगतील. त्यांनी आधी मला खाली यायचंच कशाला, असं विचारलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आगीत बहुतेक माणसं जळून मरत नाहीत, धुराने जातात. धूर वर चढतो, आणि जिना किंवा लिफ्टची पोकळी उघडी मिळाली की चिमणीसारखा चढतो. जिन्यात धूर असेल तर मला उचलून धुरात नेणं म्हणजे मला आणि उचलणाऱ्या दोघांना एकदम अडकवणं. त्यापेक्षा घराचं दार घट्ट लावून, फटी बुजवून, रस्त्याकडच्या खिडकीशी थांबणं बरं. पण हे केव्हा बरं? १०१ ला फोन करून सांगितलं असेल तेव्हा. कुठली इमारत, कुठला मजला, कुठला फ्लॅट, आणि ‘जिन्याने उतरता न येणारा माणूस आत आहे’ हे वाक्य. “तुम्ही ग्रुपवर लिहिलंत ना? आम्ही तुमच्या ग्रुपवर नाही.”

आणि जिना स्वच्छ असेल तर? तर तळमजला विसरा, रेफ्यूज एरिया गाठा. उंच इमारतीत साधारण २४ मीटरच्या वर अशी मोकळी जागा सोडावीच लागते, बाहेरच्या बाजूला, उघड्या हवेची, जिन्याला लागून. आमच्याकडे ती आठव्या मजल्यावर आहे. अकरातून आठ गेले तीन. तीन गुणिले अठरा, चोपन्न पायऱ्या. इतकी वर्षं मी मनातल्या मनात दोनशे पायऱ्या उतरत होतो. चोपन्न हा आकडा ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की हे होण्यासारखं आहे. आठव्याच्या खालच्या मजल्यांवरच्यांचं गणित अर्थात वेगळं, त्यांना वर नेणं कठीण, त्यांचा रस्ता खालीच.

लिफ्टचंही त्यांनी सांगितलं. तळमजल्यावर काचेआड एक लाल स्विच असतो, तो दाबला की फायर लिफ्ट खाली येते आणि दलाच्या ताब्यात जाते. ती लिफ्ट त्यांच्यासाठी. जवान वर आला की त्याच लिफ्टने मला खाली आणू शकतो, पण मी स्वतः बटण दाबून बसायचं नाही. “आणि हो,” ते म्हणाले, “डक्टमध्ये इंटरनेटवाल्यांनी भोकं पाडलीत का बघा. मजल्यामजल्याला डक्ट बंद केलेला असतो, हे लोक केबल घालायला फोडतात आणि तसाच ठेवतात.” बघितलं. मेमध्ये परातीएवढ्या आगीचा धूर चौदाव्यापर्यंत कसा गेला ते टॉर्च मारल्याबरोबर दिसलं. चौथ्या मजल्याच्या भोकातून पाचव्यावरच्या बूट-रॅकचा खालचा कप्पा दिसत होता.

कायदा काही कमी नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, त्याखाली सोसायटीने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो. आमचा दिलेला होता, शिक्क्यासकट. पंप चालतो, सायरन वाजतो, सिलिंडर भरलेले. माणसं कशी उतरणार, याचा रकाना त्या कागदात मला सापडला नाही. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात कलम ८ आहे: आपत्तीत आम्हाला इतरांइतकंच संरक्षण, आणि जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाने आमची नोंद ठेवायची. मी रीतसर अर्ज केला. पोच मिळाली. पोच फाइलला लावली आहे.

उचलण्याचे प्रकार

रेफ्यूज एरियाला कुलूप होतं. किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी कोकणात. चार दिवसांनी उघडलं तेव्हा आत मंडळाची मखरं, तीन सोफे, सोळा सायकली आणि कुणाचं तरी जुनं कमोड निघालं. हे सगळं बाहेर काढायला जितकी भांडणं झाली त्यावर वेगळा लेख होईल, तो मी लिहिणार नाही, मला याच इमारतीत राहायचंय.

मग सुरू झाली तालीम. लालबागमध्ये एक सोय आहे, मंडळाची पोरं. बाप्पाची मूर्ती अरुंद वळणातून एक ओरखडा न पडता काढणाऱ्यांना माणूस उतरवणं काय अवघड, असा त्यांचाही समज होता, माझाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचललं. चौथ्या पायरीला खुर्चीचा हात वाकला. माझं वजन चौऱ्याहत्तर किलो. पाठीमागच्याने माझी कॉलर धरली म्हणून वाचलो. मग हातांची चौकट करून पाहिली, पण जिन्यात तीन माणसं आडवी मावत नाहीत. मग एकाने मला पाठुंगळी घेतलं. माझ्या पायांत ताकद नाही, ते त्याच्या कमरेला धरू शकत नाहीत, सगळा भार माझ्या हातांवर, म्हणजे नेमका त्या खांद्यांवर ज्यांनी आधीच राजीनामा दिलाय. दहा पायऱ्यांत डोळ्यांपुढे काजवे.

साहेबांनी तालमीला पाठवलेल्या जवानाने गोधडी मागितली. जमिनीवर अंथरली, मला त्यावर झोपवलं, डोक्याकडची टोकं गुंडाळून धरली आणि पाय पुढे, डोकं वर ठेवून एकेक पायरी सरकवत आणलं. दुसरा माणूस पायाशी, वेग धरायला. पाठीला प्रत्येक पायरी मोजता येते, पण उतरतो. मास्तरांनी वर उभं राहून पायऱ्या मोजल्या. आजीच्या हातची ती गोधडी, तिच्या दोन नऊवारी त्यात आहेत. दुसऱ्या दिवशी बायकोने ती उसवली का ते तपासलं, एक टाका निघाला होता.

यातून मला जे समजलं ते मी कुणी विचारलं तर सांगतो, न विचारलं तरी सांगतो. ज्याला उचलायचं त्यालाच माहीत असतं त्याला कुठे धरायचं नाही. मला काखेत हात घालून उचललं तर खांदा निखळेल. सोळावीवरच्या आजींना खांद्यावर टाकलं तर बरगड्या जातील, त्यांना सपाटच न्यायला हवं. बारावीच्या आजोबांना लघवीची नळी आहे, पिशवी शरीरापेक्षा खाली ठेवायची आणि ओढली जाऊ द्यायची नाही, हे त्यांच्या मावशींना माहीत, घरच्यांना तितकंसं नाही. चौदावीवरच्या काकांचा सिलिंडर सोबत न्यायचा का? मावशींनी विचारलं, जवानाने सांगितलं की छोटा पोर्टेबल असेल तर न्या, मोठा बंद करून तिथेच, पण तो कुठल्या खोलीत आहे हे आत शिरणाऱ्या जवानांना आधी सांगा. म्हणून प्रत्येकाचा एक कागद केला. वर ठळक अक्षरात ‘मला असं उचला’, खाली ‘मला असं उचलू नका’. खालचा भाग सगळ्यांचाच मोठा निघाला.

पायऱ्यांवर चालणारी खुर्चीही शेवटी घेतली. तीन विक्रेत्यांकडून भाव मागवले, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत तिपटीचा फरक. फंडातून पैसे काढायला दोन मीटिंग लागल्या. “वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूला एवढे?” असं एकाने विचारलं. मी म्हटलं, एकदाही लागू नये म्हणून देवाला नवस बोलतो, पण नवसावर फॉर्म बी मिळत नाही. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर अशा खुर्च्या घेऊन ठेवल्या होत्या, आणि २००१ मध्ये एका व्हीलचेअरवरच्या माणसाला त्याच्या सहकाऱ्यांनी अशाच खुर्चीत ६९ व्या मजल्यावरून खाली आणलं. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. त्याने मत फिरलं असं वाटत नाही. मत फिरलं ते एका सभासदाच्या आईला त्याच आठवड्यात वॉकर लागला म्हणून.

खुर्चीला मागे दोन रबरी पट्टे असतात. मागचा माणूस ती स्वतःकडे कलती करतो, पट्टे पायऱ्यांच्या कडांवर बसतात आणि बसणाऱ्याचं वजनच घर्षण वाढवून वेग धरतं. उचलायचं काहीच नाही, एक माणूस पुरे. ऐकायला सोपं. बसल्यावर पहिल्या पायरीशी समोर फक्त पोकळी दिसते आणि पोटात गोळा येतो. पोरगा म्हणाला, “काका, रिलॅक्स.” मी म्हटलं, तू बस. तो बसला, मास्तरांनी त्याला उतरवलं, खाली पोचेपर्यंत त्याचे दोन्ही हात पट्ट्याला चिकटलेले. त्यानंतर कुणी मला रिलॅक्स म्हणालं नाही. आता ‘काका, कलवतोय’ म्हणतात, मग कलवतात.

बुधवारी सव्वातीन

रविवारच्या तालमी झकास होत होत्या. मदतनिसांच्या यादीत बारा तरणे पोरगे, मला चोपन्न पायऱ्या दोन मिनिटांत उतरवायचे. जवान निघताना म्हणाला, “मेमध्ये आग कधी लागली होती?” दुपारी तीनला, कामाच्या दिवशी. “मग तालीम रविवारी का?”

एका बुधवारी सव्वातीनला, आगाऊ न सांगता, वॉचमनने शिट्टी वाजवली. बारातला एक जण आला, रात्रपाळी करून झोपलेला, डोळे चोळत. बाकी अकरा लोअर परळ, बीकेसी, अंधेरीला ऑफिसात. आले कोण? मास्तर, वॉचमन, पहिल्या वर्षाची कॉलेजकन्या, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले ऐंशीच्या घरातले अण्णा, आणि बारावीच्या आजोबांच्या मावशी. त्यांच्यासोबत आठवीवर पोळ्या करणाऱ्या ताई, हाताला पीठ तसंच.

खुर्ची त्या दोघींनी घेतली. मावशी मागे, ताई पुढे उलट्या पावलांनी, माझ्या गुडघ्यांवर नजर ठेवून. रोज अंथरुणातला माणूस कुशीवर वळवणारी बाई आहे ती, मला पट्टे तिने ज्या पद्धतीने बांधले तसे कुणी बांधले नव्हते, मांडीला आडवा एक जास्तीचा, म्हणजे पाय बाजूला फाकणार नाहीत. नवव्या मजल्यावर अडलो. फायर-डोअर विटेने उघडं ठेवलेलं आणि वीट खुर्चीच्या चाकाखाली. हे दार आपोआप बंद व्हायलाच हवं, नाहीतर धूर आत येतो, पण त्याची स्प्रिंग इतकी कडक की लोक वीट लावतात. ताईंनी पायाने वीट उडवली, ती वळणावरून खाली गडगडत गेली. आठव्यावर पोचलो तेव्हा अण्णांच्या घड्याळात चार मिनिटं दहा सेकंद.

पोरांचे दोन मिनिटं आणि बायकांची चार. पण दुपारी सव्वातीनला पोरांची दोन मिनिटं अंधेरीला असतात.

त्या रात्री मी यादी फाडली आणि नवीन केली. नावाप्रमाणे नाही, वेळेप्रमाणे. सकाळी आठ ते रात्री आठ कोण, रात्री आठ ते सकाळी आठ कोण, रविवारी कोण. दिवसाच्या यादीत निम्मी नावं इमारतीत न राहणाऱ्यांची झाली. त्यावरून कमिटीत गरमागरमी झाली. “कामवाल्या बायकांवर अशी जबाबदारी टाकणं बरोबर दिसत नाही.” हा मुद्दा मला पटण्यासारखा होता, म्हणून मी मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “आजोबांना सोडून मी पळणार हाय का? मग तुमाला पन घेते.” आणि थांबून, “पन तालमीचा तास पगारात धरा.” धरला. त्यांनी आणखी एक विचारलं. पाहुण्यांच्या लिफ्टमधून त्यांना जायला बंदी आहे, मागच्या लिफ्टने जायचं, अशी पाटी आहे तळमजल्यावर. “आग लागली तर जिना कंचा घ्यायचा, फुडचा का मागचा?” कमिटीतल्या कुणाकडेच लगेच उत्तर नव्हतं. पाटी पुढच्या सोमवारी निघाली. ठराव वगैरे झाला नाही, भिंतीवर चार स्क्रूंची भोकं तेवढी आहेत.

गणपतीत यादी पुन्हा बदलावी लागते, हे पहिल्या वर्षी ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसांत निम्मी इमारत कोकणात, उरलेली मंडपात, आणि बाहेर रस्त्यावर अशी गर्दी की बंबाला आत यायला किती वेळ लागेल याचा अंदाज खुद्द साहेबांनीही केला नाही. त्या दहा दिवसांसाठी सोळावीच्या आजी मुलीकडे मुलुंडला जातात. बारावीच्या आजोबांना कुठे हलवता येत नाही. मंडळातल्या दोघांची ड्यूटी म्हणून आता मंडपाऐवजी आमच्या बाराव्या मजल्यावर लागते, पाळीपाळीने. आरती त्यांना फोनवर ऐकवतात.

यादी गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये, दाराच्या आतल्या बाजूला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये टांगलेली आहे. बंब आला की पहिला तो कागद द्यायचा. ती कुणालाही वाचता येईल अशी लावू नये, म्हणजे कोण एकटं असतं हे चोरालाही कळेल, ही सूचना सहावीवरच्या मुलीची, म्हणून वर कोरा कागद. दर महिन्याच्या एक तारखेला मी खाडाखोड करतो. चौदावीवरचे काका जानेवारीत गेले, हॉस्पिटलात. त्यांची ओळ खोडताना पेन थांबलं जरा. सातवीवरच्या सुनेचं नाव निघालं आणि बाळाचं आलं: ‘दोन महिने. आईसोबत. झोळीत.’ वहिनींचा मुलगा आता दर रविवारी जिना उतरतो, पायरीला एक पाढा म्हणत, कानाला हेडफोन लावून. सेक्रेटरींचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यांनी मला लिफ्टमध्ये हळूच विचारलं, “ते वेळ लागणाऱ्यांत नाव घालायला काही फॉर्म असतो का?”

पुढची तालीम मंगळवारी आहे, सकाळी अकराला, या वेळी आजोबांना पहिल्यांदा उतरवणार. त्याआधी मावशींना माझ्यावर एकदा हात साफ करून घ्यायचाय. पट्टा नेमका पोटावर येतो, तेव्हा बायकोला सांगून ठेवलंय, पोहे नंतर.